हर्णैच्या पुळणीवरचे कुरव मे महिन्यात कुठे असतात?

दापोली तालुक्यातील एका शिक्षकांनी विचारले आहे की, जानेवारीत कर्दे, मुरूड आणि हर्णै या पट्ट्यात पुळणीवर हजारोंच्या संख्येने बसलेले पांढरे-राखाडी पक्षी, म्हणजेच कुरव किंवा सीगल, एप्रिलनंतर एकदम दिसेनासे होतात. मेच्या सुट्टीत मुलांना मुद्दाम दाखवायला नेले, तर एकही दिसला नाही. शिवाय यंदाच्या हिवाळ्यातही ते गेल्या वर्षीपेक्षा कमी वाटले. तेव्हा हे पक्षी जातात कुठे आणि त्यांची संख्या खरोखरच घटत चालली आहे का?

सर, हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले वाटले तरी त्यांची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात. पहिल्याचे उत्तर पक्के आहे आणि ते मी खाली सविस्तर देते. दुसऱ्याचे उत्तर मात्र आपण दोन्ही वर्षी पुळणीवर कोणत्या तिथीला, किती वाजता गेला होता आणि त्या दिवशी हर्णै बंदरातल्या होड्या समुद्रात गेल्या होत्या की नाही, हे कळल्याशिवाय मला देता येणार नाही. कोकण किनाऱ्यावर मी बावीस हिवाळे हे पक्षी मोजत आले आहे, आणि सुरुवातीच्या पाच-सहा वर्षांतील माझ्या नोंदी आज मला जवळजवळ निरुपयोगी वाटतात, कारण त्यात संख्या काळजीपूर्वक लिहिली आहे, पण भरती-ओहोटीची वेळ लिहिलेली नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. ज्यांना सगळे सरसकट सीगल म्हणतात त्यांना मराठीत कुरव म्हणतात. त्यांच्याच नात्यातले, पण अंगाने सडपातळ, लांब टोकदार पंखांचे, बहुधा दुभंगलेल्या शेपटीचे आणि हवेतून पाण्यात सूर मारणारे पक्षी म्हणजे सुरय. कुरव वाळूवर चालतो, पाण्यावर बदकासारखा तरंगतो, मिळेल ते खातो. सुरयाचे पाय इतके आखूड असतात की तो वाळूवर बसला तरी फारसा चालत नाही. हा फरक येथे महत्त्वाचा आहे, कारण सुरयांच्या काही जाती आपल्याच किनाऱ्यावर वीण करतात. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर त्यांची घरटी असतात. कुरवांपैकी मात्र एकही जात महाराष्ट्राच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर घरटे करत नाही. आपण जानेवारीत पाहिलेला प्रत्येक कुरव पाहुणा होता, आणि त्याचे घर समुद्राकाठी असेलच असेही नाही.

कोकणात सर्वाधिक दिसणाऱ्या जातींपैकी एक म्हणजे तपकिरी डोक्याचा कुरव. तो वीण करतो ती मध्य आशियातील उंच पठारांवरच्या तलावांत: तिबेटमध्ये, पामीरच्या परिसरात आणि आपल्या लडाखमध्ये. लडाखमधील त्सो मोरिरी आणि त्सो कार हे तलाव साडेचार हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहेत. हिवाळ्यात ते गोठलेले असतात. मेच्या सुमारास बर्फ वितळले की तेथील पाणथळ जागा आणि छोटी बेटे मोकळी होतात आणि जूनमध्ये कुरवांची अंडी घालण्याची लगबग सुरू होते. आपण मेमध्ये मुलांना घेऊन कर्द्याच्या पुळणीवर उभे होता, तेव्हा या जातीचे पक्षी अशा तलावांच्या काठी जोडीदारासह जागा धरून बसलेले होते. हर्णैपासून त्सो मोरिरी सरळ रेषेत सुमारे १,७५० किलोमीटर आहे. हर्णैला दिसणारा अमुक पक्षी त्याच तलावावरचा आहे, असे मात्र पायात खुणेचे कडे असल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

काळ्या डोक्याचा कुरव त्याच्याहून किंचित लहान आणि त्याचा वीणप्रदेश कितीतरी मोठा: युरोपच्या पश्चिम टोकापासून रशियाच्या अतिपूर्वेपर्यंत तो घरटी करतो. या दोघांची नावे नवख्याला फसवतात. काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके विणीच्या काळातही खरे तर गडद चॉकलेटी असते, आणि आपल्याकडे हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरीच असतात. डोळ्यामागे एक काळसर ठिपका तेवढा राहतो. त्यामुळे ओळख पंखांवरून करावी. उडताना पंखाच्या बाहेरच्या कडेला पांढरी पाचर दिसली तर तो काळ्या डोक्याचा. पंखाचे टोक काळे आणि त्या काळ्यात आरशासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो तपकिरी डोक्याचा. पूर्ण वाढ झालेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळाही फिकट असतो, काळ्या डोक्याच्या कुरवाचा गडद. पन्नास पावलांवरून चांगल्या दुर्बिणीतून तो स्पष्ट दिसतो.

मोठ्या कुरवांत गडद राखाडी पाठीचा ह्यूग्लिनचा कुरव सर्वांत दुरून येतो. रशियाच्या उत्तरेला कोला द्वीपकल्पापासून तैमीरपर्यंत पसरलेल्या टुंड्रा प्रदेशात त्याची वीण होते. म्हणजे येण्याचाच प्रवास पाच-सहा हजार किलोमीटरचा. आणि सर्वांत भारदस्त तो पल्लासचा कुरव. पीटर सिमॉन पल्लास या निसर्गशास्त्रज्ञाने १७७३ मध्ये त्याचे वर्णन केले. काळ्या समुद्रापासून कॅस्पियन, कझाकस्तान आणि मंगोलियापर्यंतच्या तलावांवर तो वीण करतो. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत दीड मीटरच्या आसपास भरतात, आणि इतर कुरवांच्या थव्यात तो कोंबड्यांत उभ्या असलेल्या राजहंसासारखा वेगळा दिसतो. याशिवाय सडपातळ चोचीचा कुरव, स्टेप प्रदेशातला कुरव असे आणखी काही येतात. गोव्यात शापोरा नदीच्या मुखाशी मोरजीच्या वाळूवर हे सगळे एकत्र पाहण्याची संधी चांगली असते.

आपल्या विद्यार्थ्यांना हमखास पडणारा एक प्रश्न असतो: उन्हाळाभर समुद्रापासून दूरच्या तलावावर राहिलेला पक्षी हिवाळाभर खारे पाणी पिऊन जगतो कसा? कुरवाच्या डोळ्यांच्या वर, कवटीच्या खोबणीत मिठाच्या ग्रंथी असतात. रक्तातले जादा मीठ त्या बाहेर काढतात आणि ते दाट खारट पाण्याच्या रूपाने नाकपुड्यांतून चोचीवर उतरते. हे पाहता येते. हर्णै बंदरात नांगरलेल्या होडीच्या नाळेवर बसलेला कुरव दुर्बिणीतून थोडा वेळ निरखला की चोचीच्या टोकाशी एक थेंब जमतो, लोंबतो आणि पक्षी मान झटकून तो उडवून देतो. मिनिटाभराने पुन्हा तेच. पाठ्यपुस्तकातला परासरणाचा धडा मुलांना याहून चांगला कुठे शिकवता येईल असे मला वाटत नाही.

आता वर्षाचा क्रम. सप्टेंबरअखेरीस पाऊस ओसरू लागला की पहिले तुरळक पक्षी दिसतात, आणि बहुतेक वर्षी माझी पहिली नोंद खाडीच्या मुखाशी झाली आहे, मोकळ्या पुळणीवर नव्हे. ऑक्टोबरमध्ये संख्या वाढते, पण ती एका लयीत वाढत नाही: चार दिवस काही नसते आणि एका सकाळी थवा बसलेला असतो. यातील बरेच पक्षी येथे राहायला आलेले नसून दक्षिणेकडे जाताना थांबलेले असतात. म्हणून ऑक्टोबरचा मोठा आकडा आणि नोव्हेंबरच्या मध्याचा त्याहून लहान आकडा यांचा अर्थ पक्षी मेले किंवा रुसले असा नसतो. वाटसरू पुढे गेले आणि मुक्कामाचे पक्षी उरले, एवढाच असतो. पल्लासचे कुरव बहुधा मागाहून येतात; उत्तरेचे तलाव गोठेपर्यंत ते तिकडेच रेंगाळतात. डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा सर्वांत भरलेला आणि त्यातल्या त्यात स्थिर काळ. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, पाणी तळ्यासारखे सपाट असते आणि थवे वाऱ्याकडे चोची करून एकाच दिशेला तोंड केलेल्या ओळीत बसलेले असतात. मोजणीला यासारखी दुसरी वेळ नाही.

फेब्रुवारीत जे घडते ते मला दरवर्षी नव्याने पाहावेसे वाटते. ज्या डोक्यावर हिवाळाभर फक्त डोळ्यामागचा ठिपका होता, त्या डोक्यावर नवी गडद पिसे फुटू लागतात. प्रथम कपाळावर आणि गालावर मिरी भुरभुरल्यासारखे दिसते, मग ठिपके एकमेकांना मिळतात, आणि मार्चच्या मध्यापर्यंत थव्यातील कित्येक पक्ष्यांनी गळ्यापर्यंत तपकिरी टोपी चढवलेली असते. पल्लासच्या कुरवात हा बदल आणखी लवकर होतो. जानेवारीअखेरीसही पूर्ण काळ्या डोक्याचा पक्षी पाहायला मिळतो. पंखांची पिसे यात बदलत नाहीत, मुख्यतः डोक्यावरची आणि अंगावरची बदलतात. ज्याची टोपी पूर्ण झाली तो निघण्याच्या तयारीत आहे, असे आपण ढोबळमानाने समजू शकतो. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून थवे विरळ होतात. आधी प्रौढ पक्षी निघतात, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उरलेल्या थव्यात अचानक सगळी पोरेच दिसू लागतात: शेपटीला काळी पट्टी, पंखांवर तपकिरी डाग, डोक्यावर टोपी नाही किंवा अर्धवट. त्यांना यंदा वीण करायची नसते, त्यामुळे घाई नसते. त्यांतील काही थोडे पावसाळाभरही किनाऱ्याच्या आसपास राहतात. म्हणून जुलैत एखादा कुरव दिसला तर तो चमत्कार समजू नये. पण नोंद मात्र जरूर करावी.

येथे एक खबरदारी सांगते. जून ते ऑगस्टमध्ये वादळी वाऱ्याने खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्यावर फेकले जातात: तपकिरी नॉडी, वादळी पाखरे, कधी बूबी. थकलेला, भिजलेला असा पक्षी गावात सापडला की वर्तमानपत्रात सीगल सापडल्याची बातमी येते. बहुतेक वेळा तो कुरव नसतो. छायाचित्र काढावे, पक्ष्याला पाण्यात परत ढकलू नये, खोक्यात कोरड्या जागी ठेवून वनविभागाला कळवावे.

हे झाले उत्तरेकडचे घड्याळ. पण पुळणीवर एखाद्या दिवशी किती कुरव दिसतील हे केवळ त्या घड्याळावर ठरत नाही. दुसरे घड्याळ आपल्या मच्छीमारांचे आहे. गेली अनेक वर्षे आपल्या किनाऱ्यावर साधारण १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. पुढे नारळी पौर्णिमेनंतर होड्या नेमाने बाहेर पडू लागतात आणि ऑक्टोबरपर्यंत बंदरे पूर्ण भरात येतात, म्हणजे नेमके कुरव पोचतात तेव्हा. हर्णैला पाणी उथळ असल्याने मोठ्या होड्या सुवर्णदुर्गाच्या आसपास नांगरून उभ्या राहतात आणि मासळी लहान होड्यांतून व पाण्यात उतरवलेल्या बैलगाड्यांतून लिलावासाठी पुळणीवर येते. जाळ्यातून निघालेली बारीक, विकली न जाणारी मासळी, खेकडे, माकूळाचे तुकडे समुद्रातच टाकले जातात आणि कुरव होड्यांमागे जमतात. होडीच्या म्होरक्याला, म्हणजे तांडेलाला, विचारले तर तो सांगेल की जाळे ओढायला लागण्याआधीच पक्षी गोळा होतात. इंजिनाचा बदललेला आवाज त्यांना समजतो. सकाळी होड्या आल्या की थवा बंदरावर, लिलाव आटोपला की जवळच्या पुळणीवर विश्रांतीला, संध्याकाळच्या लिलावाला पुन्हा बंदरावर, असा त्यांचा दिवस असतो. आपण दुपारी एक वाजता हर्णैला मोजणी केली आणि मी त्याच वेळी मुरूडच्या पुळणीवर केली, तर दोघांचे आकडे एकमेकांच्या उलट येतील आणि दोघेही बरोबर असू.

म्हणूनच होड्या चार दिवस बाहेर पडल्या नाहीत तर कुरवांची मांडणी बदलते. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ आले आणि पाठोपाठ महा आले. ती वादळे कोकणावर आदळली नाहीत, पण समुद्र इतका खवळला की होड्या बंदरांत आणि खाड्यांत आसऱ्याला उभ्या राहिल्या. अशा वेळी बंदरात टाकाऊ मासळी नसते. पक्षी खाड्यांच्या चिखलाटात, पुळणीवर, क्वचित आतल्या भाताच्या खाचरांतही पांगतात. त्या आठवड्यात कोणी फक्त बंदरावर मोजणी केली तर त्याला कुरव घटले असे वाटणारच. उलट ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडपासून दापोलीपर्यंतचे सुरूचे बन आडवे केले, त्या वेळी कुरव येथे नव्हतेच. पण पुढच्या हिवाळ्यात ज्यांना पुळण ओकीबोकी दिसली, त्यांनी पक्षीही वादळाने गेले असे सहज मानले.

तिसरे घड्याळ चंद्राचे, आणि माझ्या मते लोकांच्या नोंदींत सर्वांत अधिक चूक याच्याकडे दुर्लक्ष केल्याने होते. आपल्या किनाऱ्यावरचे जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. हा अंदाज आहे, पण पुळणीवर जाण्यापुरता चांगला आहे. पौर्णिमेच्या रविवारी सकाळी अकरा वाजता कर्द्याला गेलेल्या माणसाला उधाणाच्या पाण्याने झाकलेली पुळण दिसते आणि कुरव तेथून उठून खाडीच्या मुखावरच्या उंच वाळूवर किंवा खडकांवर गेलेले असतात. अष्टमीच्या रविवारी त्याच वेळी तोच माणूस गेला तर ओहोटी असते, ओली वाळू दूरवर उघडी पडलेली असते आणि त्यावर सारा थवा पसरलेला असतो. एका आठवड्यात हजार पक्षी आले असे त्याला वाटते. आले कोणीच नाही. पाणी मागे गेले. उत्तरेकडे हा परिणाम अधिक तीव्र असतो, कारण मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरपेक्षाही वर चढते, तर गोव्याकडे भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन मीटरपर्यंत उतरतो. ठाणे खाडीत किंवा डहाणूला मोजणी करताना वेळेची चूक जितकी महाग पडते, तितकी मालवणला पडत नाही.

ओहोटीच्या वेळी थव्याच्या कडेला बसलेल्या एखाद्या लहान कुरवाकडे लक्ष द्यावे. आडे खाडीच्या मुखाशी नोव्हेंबरमधल्या एका सकाळी मी असा एक पक्षी अर्धा तास पाहिला होता. पहिल्याच हिवाळ्यातला, म्हणजे जेमतेम पाच महिन्यांचा. स्वतःच्या गुडघ्याएवढ्या खोल डबक्यात उभा राहून तो दोन्ही पाय आळीपाळीने भराभर आपटत होता, जागचा न हलता, जणू कोणी पायांनी कणीक तुडवत आहे. वाळू सैल झाली की आतले किडे आणि बारीक शंखप्राणी वर येतात. तो थांबे, मान तिरकी करून पाण्यात पाही, टिपे आणि एक पाऊल मागे सरकून पुन्हा पाय आपटू लागे. अशा पक्ष्यांना होड्यांचा आधार मोठ्या कुरवांइतका मिळत नाही, कारण टाकलेल्या मासळीवर दांडगे पक्षी आधी तुटून पडतात. ओली, न तुडवलेली वाळू ही त्या लहानग्यांची भाकरी आहे.

आता आपला दुसरा प्रश्न. यंदा कमी होते का? एका हिवाळ्याच्या दोन भेटींवरून ते ठरत नाही, आणि दोन हिवाळ्यांच्या चार भेटींवरूनही नाही. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. ती १९८७ पासून चालू आहे आणि भारतात वेटलँड्स इंटरनॅशनल व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांच्या सहकार्याने चालते. तिचा खरा उपयोग असा की तीच जागा, तोच पंधरवडा, वर्षानुवर्षे मोजला जातो. आपण आपल्या शाळेपुरती अशीच पद्धत बसवू शकता. एक जागा ठरवावी, समजा कर्द्याच्या पुळणीचे दक्षिण टोक ते मुरूडची वस्ती. पंधरवड्यातून एकदा अष्टमीच्या आसपासच्या दिवशी जावे, म्हणजे दुपारची ओहोटी दर वेळी साधारण त्याच तासाला मिळेल. थवा शांत बसलेला असताना आधी दहा पक्षी मोजून त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत भरून घ्यावी, मग तशा किती जागा भरतात ते पाहावे. पक्षी हजारावर असतील तर दहाऐवजी पन्नासांचे ठोकळे घ्यावेत. दोघांनी स्वतंत्र मोजावे आणि लिहून झाल्यावरच एकमेकांना आकडा सांगावा. माझा अनुभव असा की नवखी माणसे मोठा थवा जवळजवळ नेहमी कमीच मोजतात. एकाच दिवशी हर्णै, मुरूड आणि आंजर्ले येथे वेगवेगळ्या वेळी केलेल्या मोजण्यांची बेरीज मात्र कधीही करू नये. तोच थवा तीनदा मोजला जातो.

आकड्याबरोबर वय लिहिले तर नोंदीची किंमत कितीतरी वाढते. लहान कुरवांना प्रौढ रूप यायला साधारण दोन वर्षे लागतात, मोठ्यांना चार. म्हणजे डिसेंबरमध्ये बसलेल्या थव्यातले शंभर पक्षी सलग पाहून त्यांत काळ्या शेपटीपट्टीचे किती हे मोजले, तर उत्तरेत गेल्या उन्हाळ्यात वीण कशी झाली याची खबर आपल्याला दापोलीत बसून मिळते. पोरे कमी आणि प्रौढ पक्षी नेहमीइतके, तर तिकडे वीण बिघडली असावी. दोन्ही कमी, तर थवा कदाचित दुसरीकडे बसलेला आहे. कुरव दीर्घायुषी असतात, कडे घातलेला काळ्या डोक्याचा कुरव तीस वर्षांहून अधिक जगल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे एका वाईट उन्हाळ्याने त्यांची संख्या कोसळत नाही. पण प्रौढ पक्षी मरू लागले तर ती भरून यायला फार काळ लागतो. २०२३ मध्ये ब्रिटन आणि युरोपातील काळ्या डोक्याच्या कुरवांच्या वसाहतींना बर्ड फ्लूचा मोठा तडाखा बसला, तेव्हा नेमके हेच घडले. आपल्याकडे एखाद्या हिवाळ्यात पक्षी कमी आले, तर कारण कोकणातच शोधले पाहिजे असे नाही.

कोकणातील कारणे मात्र आपल्या हातातली आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. थव्यातून धावत जाऊन पक्षी उडवायचे आणि त्याचे चित्रण करायचे, ही पद्धत आता दापोलीच्या प्रत्येक पुळणीवर दिसते. पुळणीवर गाड्या चालतात, मोकाट कुत्री फिरतात, पॅराशूटच्या दोऱ्या ताणलेल्या असतात. ओहोटीचे खाण्याचे तास दिवसाला मोजकेच असतात. त्या वेळात थवा दहा वेळा उठवला तर ज्या लहान कुरवाचे वर्णन मी वर केले तो उपाशी राहतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हे घडले तर उत्तरेच्या वाटेसाठी लागणारी चरबी त्याच्या अंगावर चढत नाही. मुंबईत गेटवेहून मांडवा आणि घारापुरीला जाणाऱ्या लाँचवरून शेव, गाठ्या, वेफर्स भिरकावण्याची हौसही अशीच. पक्षी ते खातात म्हणून ते त्यांना हवे असते असे नव्हे. मीठ आणि तेलाने माखलेल्या पिठात त्यांना लागणारे मासळीचे सत्त्व नसते. उजनी धरणावर भिगवणलाही नावेतून असेच खाऊ घालतात. आपण मुलांना घेऊन जाल तेव्हा सुक्या वाळूच्या बाजूने, सुरूच्या कडेने चालावे, थव्याने माना वर केल्या की थांबावे, आणि ते पुन्हा पिसे साफ करू लागले की मोजणीला सुरुवात करावी.

पुढच्या हंगामासाठी पहिली मोजणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातील अष्टमीच्या आसपास घ्यावी आणि शेवटची मेच्या मध्यावर. दोन्ही टोकांना आकडा बहुधा शून्य येईल. तो शून्यही तारीख, तिथी, वेळ आणि होड्या बाहेर होत्या की नाही यांसह वहीत लिहावा. वही दोन-तीन वर्षांची झाली की मला दाखवावी, मग यंदा कमी होते की नाही याचे उत्तर आपण दोघे मिळून देऊ शकू.